उडू न शकणारा बेटावरचा सोंड्या भुंगा आणि आपल्या पिकांतील त्याचे भाऊबंद

धान्याच्या कणगीतले सोंडे, नारळाचा सोंड्या भुंगा, केळीच्या कंदातली सोंडकीड आणि आंब्याच्या कोयीतला भुंगा हे सगळे एकाच मोठ्या घराण्यातले कीटक आहेत. याच घराण्यातले काही सदस्य न्यूझीलंडच्या लहान बेटांवर राहतात. त्यांना उडता येत नाही. ते जगातील दुर्मिळ कीटकांत मोडतात आणि कायद्याने त्यांना संरक्षण आहे. एक भाऊ शेतकऱ्याचे नुकसान करतो, तर दुसऱ्याला वाचवण्यासाठी शास्त्रज्ञ धडपडतात. असे का होते, हे समजले तर आपल्या पिकातल्या सोंड्या भुंग्यावर फवारणी करायची की बेणे बदलायचे, हा निर्णय सोपा होतो. या लेखात आधी बेटावरच्या भुंग्याची आणि नंतर आपल्याकडच्या त्याच्या भाऊबंदांची माहिती घेऊ.

सोंड्या भुंगा कसा ओळखावा?

डोक्याचा पुढचा भाग सोंडेसारखा लांब झालेला असतो आणि टोकाला कुरतडणारे लहान जबडे असतात. ही सोंड रस शोषण्यासाठी नसते. मादी बहुधा सोंडेने झाडाला छिद्र पाडते आणि त्यात अंडी घालते. बहुतेक जातींच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

अळी पांढरट, गुबगुबीत आणि तपकिरी डोक्याची असते. तिला पाय नसतात. शेतात ही खूण फार कामाची आहे. मुळाजवळ सापडलेल्या पांढऱ्या अळीला पायांच्या तीन जोड्या असतील तर ती हुमणी, पाय नसतील तर सोंड्या भुंग्याची अळी असण्याची शक्यता जास्त. दोघींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून अळी हातावर घेऊन, उलटी करून पाहावी.

या घराण्याच्या 50 हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांतल्या मोजक्याच जाती पिकांना त्रास देतात.

बेटावरचा भुंगा: हॅड्राम्फस

न्यूझीलंडपासून पूर्वेला सुमारे 800 किलोमीटरवर चॅटम बेटे आहेत. त्यांतील मँगेरे आणि आसपासच्या उंदीरमुक्त लहान बेटांवर हॅड्राम्फस स्पिनिपेनिस ही जात आढळते. तिला तिथे कॉक्सेला भुंगा म्हणतात. ज्या झाडावर ती जगते त्याचे जुने शास्त्रीय नाव कॉक्सेला होते, त्यावरून हे नाव पडले. भुंगा साधारण दोन सेंटिमीटर लांब आणि मातकट तपकिरी असतो. पाठीवर गाठीगाठी असतात, त्यामुळे जमिनीवर पडला की ढेकळाचा तुकडाच वाटतो.

याच वंशातल्या आणखी दोन जाती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

• हॅड्राम्फस ट्युबरक्युलेटस: न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कँटरबरी भागातला.
• हॅड्राम्फस स्टिलबोकार्पी: नैर्ऋत्येकडील फिओर्डलँडच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर आणि स्नेअर्स बेटांवर आढळणारा.

जीवनक्रम आणि यजमान वनस्पती

कॉक्सेला भुंगा मुख्यतः अ‍ॅसिफिला डायफेनबाखी या एकाच वनस्पतीवर जगतो. ही वनस्पती गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली आहे. प्रौढ भुंगे रात्री वर चढून पाने, फुले आणि कोवळे बी खातात आणि दिवसा बुंध्याजवळच्या पालापाचोळ्यात दडतात. अळ्या जमिनीत राहून मुळे खातात. म्हणजे झाडावर वरून आणि खालून, दोन्हीकडून हल्ला होतो.

मँगेरे बेटावर 1990 च्या दशकात या भुंग्याचा बारकाईने अभ्यास झाला. झाडांच्या एखाद्या पुंजक्यात भुंग्यांची संख्या वाढत जाते, शेवटी तो पुंजका मरतो आणि भुंगे पायी चालत दुसरा पुंजका शोधतात, असे त्यात दिसले. मोकळ्या झालेल्या जागी पुढे पुन्हा झाडे उगवतात. हे चक्र चालू राहण्यासाठी दोन गोष्टी लागतात. झाडांचे पुंजके पुष्कळ हवेत आणि एकापासून दुसरा चालत गाठता येईल इतका जवळ हवा. पुंजके कमी झाले किंवा लांब गेले की भुंगा उपाशी मरतो.

आपल्यासाठी यात फेरपालटाचे तत्त्व आहे. चालणाऱ्या किडीचे पीक तिच्या चालीच्या टप्प्याबाहेर नेले तर तिची साखळी तुटते. उडणाऱ्या किडीला तेवढ्याने अडवता येत नाही.

पंख का गेले?

भुंग्याच्या पंखांच्या दोन जोड्या असतात. वरची जोडी कठीण असून कवचाचे काम करते, खालची पातळ जोडी उडण्यासाठी असते. हॅड्राम्फसमध्ये खालची जोडी निकामी झाली आहे.

बेटांवर असे वारंवार घडते. मदेरा बेटांवरच्या भुंगेऱ्यांच्या 550 जातींपैकी 200 जातींना उडता येण्याइतके पंख नाहीत, याची दखल चार्ल्स डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथात घेतली होती. उडणारे कीटक वाऱ्याने समुद्रात जातात आणि न उडणारे मागे उरतात, असे त्याचे स्पष्टीकरण होते. आज यात आणखी कारणे जोडली जातात. पंख आणि उडण्याचे स्नायू पोसायला बरेच अन्न खर्ची पडते. अन्न बारमाही जवळच मिळत असेल तर तेच अन्न अंडी तयार करण्यासाठी वापरणे फायद्याचे ठरते. जोडलेल्या घट्ट कवचामुळे अंगातले पाणीही कमी उडते.

थोडक्यात, अन्न पायाशी असेल आणि ते हलणार नसेल तर पंखांची गरज उरत नाही. एकाच जागी वर्षानुवर्षे घेतलेले पीक किंवा भरलेले कोठार हेही किडीच्या दृष्टीने असेच बेट असते.

संख्या का घटली?

1) उंदीर. न्यूझीलंडमध्ये माणूस येण्यापूर्वी वटवाघळे सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणी नव्हते. भुंग्याचे शत्रू म्हणजे नजरेने भक्ष्य शोधणारे पक्षी. त्यांच्यापासून वाचण्यासाठी रंग मातीसारखा ठेवायचा आणि धोका दिसताच मेल्यासारखे पडून राहायचे, एवढे पुरत असे. उंदीर मात्र रात्री, वासाने शोधतो. त्याच्यापुढे निपचित पडणे म्हणजे आयते ताटात जाणे. पॉलिनेशियन लोकांबरोबर एक उंदीर आला आणि पुढे युरोपीय जहाजांतून आणखी दोन जाती आल्या. जिथे उंदीर पोहोचले तिथून मोठे, न उडणारे भुंगे बहुतेक नाहीसे झाले.

2) चराई. अ‍ॅसिफिला डायफेनबाखीची पाने मऊ असतात आणि मेंढ्या ती आवडीने खातात. मँगेरे बेटावर 1968 पर्यंत मेंढ्या होत्या. त्या हलवल्यावर वनस्पती सावरली आणि तिच्याबरोबर भुंगाही.

3) नांगरट आणि जाळपट्टे. कँटरबरीच्या सखल भागात अ‍ॅसिफिलाच्या काटेरी जाती होत्या. ती जमीन कुरणे आणि शेतीखाली गेली. तिथला हॅड्राम्फस ट्युबरक्युलेटस 1922 नंतर कोणाला दिसलाच नाही. तो नामशेष झाला असे धरले गेले होते. 2004 मध्ये बर्क्स पास येथील एका छोट्या राखीव क्षेत्रात तो पुन्हा सापडला. तो तगून राहिला तो काटेरी झाडांच्या एका उरलेल्या तुकड्यावर.

यात शेती हेही एक कारण होते, हे मान्य केले पाहिजे. पण उत्तर शेती बंद करण्यात नव्हते. यजमान वनस्पतीचे काही तुकडे राखणे आणि उंदीर आवरणे यावर भुंग्याचे जगणे अवलंबून होते.

संवर्धनाचे प्रयत्न

फिओर्डलँडमधील ब्रेकसी हे सुमारे 170 हेक्टरचे बेट 1988 मध्ये विषारी आमिषाच्या केंद्रांचे जाळे टाकून उंदीरमुक्त करण्यात आले. 1991 मध्ये शेजारच्या लहान बेटांवरून हॅड्राम्फस स्टिलबोकार्पी आणि त्याचा नातलग फ्लॅक्स भुंगा तिथे सोडण्यात आले. दोन्ही जाती तिथे रुजल्या. आमिष पद्धतशीर, एकाच वेळी आणि संपूर्ण क्षेत्रात ठेवले तरच उंदीर संपतात, हे तिथे दिसले. आपल्याकडे एकाच शेतकऱ्याने उंदीर मोहीम केली की शेजारच्या बांधावरून उंदीर परत येतात. त्याचे कारणही हेच.

माना बेटाचा धडा: दुर्मिळ भुंगा कीड बनला

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. फ्लॅक्स भुंगा, म्हणजे अ‍ॅनागोटस फेअरबर्नी, हाही न उडणारा आणि संरक्षित आहे. तो फ्लॅक्स या लांब, चिवट पानांच्या झुडपावर जगतो. प्रौढ भुंगा पानांच्या कडा कुरतडतो, अळ्या जमिनीखालचा कंदासारखा भाग आणि मुळे खातात.

2004 आणि 2006 मध्ये हा भुंगा मॉड बेटावरून माना बेटावर नेण्यात आला. उद्देश चांगला होता. एका बेटावर संकट आले तर दुसरीकडे वंश शिल्लक राहावा. माना बेटावर पूर्वी मेंढ्या पाळल्या जात आणि नंतर तिथे वृक्षलागवड झाली होती. तिथे फ्लॅक्स भरपूर होता. काही वर्षांतच मोठ्या पट्ट्यांमध्ये फ्लॅक्सची झुडपे पिवळी पडून कोलमडू लागली. जिथून भुंगा आणला त्या मॉड बेटावर असे नुकसान होत नव्हते.

कीटक तोच आणि वनस्पतीही तीच होती. बदलली होती फक्त जागा, आणि ती माणसाने बदलली होती. एखादी जात मुळात कीड असते असे नाही. कुठे, कशावर आणि किती संख्येने ती राहते त्यावर ती कीड ठरते. पंख नसलेल्या भुंग्याला समुद्र ओलांडता येत नाही, आपण त्याला ओलांडून नेतो. आपल्या पिकांतील पुष्कळ सोंड्या भुंग्यांची कथा याच मार्गाने जाते.

न उडता जग फिरलेले भुंगे

गव्हा-बार्लीच्या कोठारातला सिटोफिलस ग्रॅनॅरियस उडू शकत नाही. तरी रोमन काळातील ब्रिटनमधल्या धान्यकोठारांच्या उत्खननात त्याचे अवशेष सापडले आहेत. धान्याच्या पोत्यांतून माणसानेच त्याला नेले. थंड हवामानात तो अधिक आढळतो. आपल्याकडे तांदूळ, ज्वारी, गव्हात दिसतो तो मुख्यतः सिटोफिलस ओरायझी, आणि त्याला उडता येते.

मूळचा दक्षिण अमेरिकेतला पांढऱ्या कडेचा भुंगा आणि युरोपातला द्राक्षवेलींचा काळा भुंगा यांनाही उडता येत नाही. तरी ते अनेक देशांत पसरले. त्याची कारणे तीन. ते शेकडो प्रकारच्या झाडांवर जगतात. त्यांची मादी नराशिवाय पिल्ले देऊ शकते, त्यामुळे एक मादी किंवा एक अळी पोहोचली तरी पुरते. आणि मुळांभोवतीच्या मातीतून, कुंड्यांतून, रोपांतून ते सहज हलवले जातात.

हॅड्राम्फस उडत नाही आणि मोजक्याच झाडांवर जगतो, म्हणून तो संपत आला. हे भुंगेही उडत नाहीत, पण काहीही खातात आणि आपल्या गाडीत बसून प्रवास करतात, म्हणून ते वाढले.

आपल्या पिकांतील भाऊबंद

केळी – कंदातील सोंडकीड (कॉस्मोपोलिटस सॉर्डिडस)
प्रौढ काळा, रात्री फिरणारा. पंख असतात, पण तो क्वचितच उडतो, मुख्यतः चालतो. ओल्या जमिनीत अन्नाशिवाय काही महिने राहू शकतो. अळी कंद पोखरते, झाड खुरटते आणि वाऱ्याने मुळासकट उलथते. नव्या शेतात ही कीड येते ती बहुधा आपण आणलेल्या मुनव्यांबरोबर.
• ऊतीसंवर्धित रोपे किंवा कीडमुक्त बागेतील मुनवे वापरा.
• मुनव्याच्या कंदाची वरची साल तासून घ्या. बोगदे दिसले तर तो कंद टाकून द्या.
• शक्य असेल तिथे तासलेले कंद 52 ते 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे 20 मिनिटे ठेवा.
• खोडाचे फूटभर लांबीचे उभे चिरलेले तुकडे, चिरलेली बाजू जमिनीकडे करून, बागेत ठिकठिकाणी ठेवा. सकाळी त्याखालचे भुंगे गोळा करून नष्ट करा. तुकडे सुकले की बदला.
• काढणीनंतर खोड जमिनीलगत कापून, बारीक तुकडे करून वाळू द्या. प्रादुर्भाव झालेल्या शेतात लगेच पुन्हा केळी घेऊ नका.
पानांवर फवारणी करून कंदातली अळी मरत नाही. तो खर्च वाया जातो.

केळी – खोडातील सोंडकीड (ओडोइपोरस लाँगिकॉलिस)
ही चांगली उडते. खोडावर टाचणीएवढी छिद्रे आणि त्यातून गळणारा चिकट द्रव ही तिची सुरुवातीची लक्षणे. शेजारच्या बागेतूनही ती येते. म्हणून केवळ स्वच्छ मुनवे पुरत नाहीत. वाळलेली पाने काढणे, घड कापलेली खोडे बागेत उभी न ठेवणे आणि खोडाच्या तुकड्यांचे सापळे लावणे ही कामे गावातील सर्व बागांनी मिळून करावीत.

रताळे – सोंड्या भुंगा (सायलस फॉर्मिकॅरियस)
हा शेजारच्या कुळातला, मुंगीसारखा दिसणारा. नर उडतो, मादी क्वचितच उडते. प्रसार मुख्यतः वेलांच्या बेण्यातून होतो. लागवडीसाठी वेलाचा शेंड्याकडचा भाग घ्या, बुंध्याकडच्या भागात अंडी-अळ्या असण्याची शक्यता जास्त असते. मातीला भेगा पडल्या की त्यातून मादी रताळ्यापर्यंत पोहोचते. म्हणून वेळेवर भर द्या आणि पाण्याचा ताण पडू देऊ नका. काढणी लांबवू नका. शेतात उरलेली रताळी आणि वेल गोळा करा. कामगंध सापळ्यात फक्त नर येतात, हे लक्षात ठेवा.

आंबा – कोयीतील भुंगा (स्टर्नोकीटस मँजिफेरी)
मादी लहान फळावर अंडी घालते, अळी गरातून कोयीत शिरते आणि छिद्र भरून येते. त्यामुळे बाहेरून फळ निरोगी दिसते. वर्षाला एकच पिढी होते. दूरचा प्रसार फळे आणि कोयींमधूनच होतो, म्हणून आयात करणारे देश या किडीबाबत कडक असतात. 2007 मध्ये भारतीय आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो लासलगाव येथील केंद्रात 400 ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया करून. बागेतील गळलेली फळे आणि कोयी गोळा करून नष्ट करा. हंगाम संपल्यावर भुंगे सालीच्या भेगांत दडतात, म्हणून खोडाची स्वच्छता ठेवा.

नारळ – सोंड्या भुंगा (रिंकोफोरस फेरुजिनियस)
हा दूरवर उडतो. तरीही पश्चिम आशियातील खजुराच्या बागांत तो पोहोचला तो रोपांच्या वाहतुकीतून. खोडावर जखम झाली की वासाने येतो. कोकणातील बागायतदारांनी खोडाला खाचा पाडणे टाळावे, झालेली जखम लगेच बुजवावी आणि गेंड्या भुंग्याचा आधी बंदोबस्त करावा. कारण गेंड्या भुंग्याने पाडलेल्या छिद्रातूनच हा पुढे शिरतो. कामगंध सापळे सामूहिकपणे लावावेत.

धान्य – सोंडे (सिटोफिलस ओरायझी)
धान्य कडक उन्हात वाळवून, दाताखाली कट्‌कन फुटेल असे झाल्यावरच भरा. कणगी, कोठी, पोती आधी स्वच्छ करा. नवे धान्य जुन्यात मिसळू नका.

उपयोगी भाऊबंद

काही सोंडे भुंगे आपले मित्र आहेत. जलपर्णीवर जगणाऱ्या निओकेटिना वंशाच्या दोन जाती आणि साल्विनिया या पाणवनस्पतीवरचा सिर्टोबॅगस भुंगा 1980 च्या दशकात भारतात तणनियंत्रणासाठी सोडण्यात आले. केरळमध्ये साल्विनियाचा त्रास कमी करण्यात या भुंग्याचा मोठा वाटा आहे. एकाच वनस्पतीवर जगण्याचा जो गुण बेटावरच्या भुंग्याला संकटात घालतो, तोच इथे उपयोगी पडतो. तण सोडून तो पिकाकडे वळत नाही. तलावाच्या कडेला जलपर्णीच्या पानांवर कुरतडल्याचे लहान गोल डाग दिसले तर तिथे कीटकनाशक मारू नका.

शिफारस करण्यापूर्वी चार प्रश्न

विस्तार कार्यकर्त्यांनी सोंड्या भुंग्याची तक्रार आली की औषधाचे नाव सांगण्याआधी ही चार उत्तरे मिळवावीत.

1) भुंगा उडतो की चालतो? चालत असेल तर फेरपालट, अंतर आणि जमिनीलगतचे सापळे उपयोगी. उडत असेल तर गावपातळीवर सामूहिक उपाय हवेत.
2) तो किती पिकांवर जगतो? एकाच पिकावर असेल तर त्या पिकात खंड पाडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. अनेकांवर असेल तर बांधावरच्या तणांचाही विचार करावा.
3) अळी कुठे आहे? कंदात, खोडात, कोयीत किंवा जमिनीत असेल तर पानावरील फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.
4) तो इथे आला कसा? बेणे, रोपे, माती, फळे, पोती यांपैकी काय बाहेरून आले ते विचारा. दार उघडे ठेवून घरात औषध मारण्यात अर्थ नाही.

कीटकनाशक वापरायची वेळ आलीच तर त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी लेबलवर शिफारस असलेलेच वापरा. मात्रा कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून खात्री करून घ्या.

पुढच्या हंगामात मुनवे, रताळ्याचे वेल किंवा नारळाची रोपे बाहेरून आणाल तेव्हा ती गाडीतून उतरवण्याआधीच तपासा. दोन-चार कंद चिरून पाहा, वेलाचा बुंधा मोडून पाहा, रोपांच्या मुळांची माती झाडून पाहा. बहुतेक सोंडे भुंगे शेतात शिरतात ते याच वाटेने, आणि ही वाट बंद करणे सर्वस्वी आपल्या हातात आहे.